एकतिसावा दोरा

सर,

या जानेवारीत मी मॅरेथॉन धावणार आहे. अर्धी नाही, पूर्ण. बेचाळीस किलोमीटर आणि वर थोडं. माझं वय पन्नास आहे. तुम्ही असता तर तोंडातली शिट्टी काढून "कोण, तू?" असं विचारलं असतंत. हो, मीच. दोन वेण्यांची, खिडकीकडच्या दुसऱ्या बाकावरची, तुमची खेळाच्या सामानाची किल्ली सांभाळणारी.

नोव्हेंबरपासून सराव चालू आहे. आमच्या चाळीच्या जागी आता इमारत आहे, मी सातव्या मजल्यावर राहते. पलीकडे गिरणी होती तिथं टॉवर आहे आणि त्या टॉवरमधल्या धावणाऱ्या लोकांचा एक गट आहे, त्यात मला घेतलं आहे. सगळे माझ्यापेक्षा लहान. मला मॅडम म्हणतात, कारण मी कॉलेजात शिकवते. पहाटे सव्वापाचला आम्ही निघतो. आपल्याकडची थंडी म्हणजे काय, पहाटे नळाचं पाणी हाताला लागतं आणि आठ वाजता ते विसरायलाही होतं. पण त्या दोन तासांत रस्ते रिकामे असतात, हवेत धूर खाली बसलेला असतो, आणि पावलांचा आवाज दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून परत येतो. घरी आल्यावर जो तो आपला आकडा मोबाइलवर गटाला कळवतो. आज चौदा. आज अठरा. मग बाकीचे अंगठे पाठवतात. हा गटाचा रिवाज आहे. कुणी तपासत नाही.

धावताना तुमची वाक्यं आठवतात. "श्वास नाकानं घ्या, तोंड भांडणासाठी ठेवा." आपल्या शाळेला मैदान नव्हतं. फरशी घातलेलं एक अंगण होतं, त्यात एका वेळी वीस मुली लेझीम खेळल्या की एकविसावी भिंतीवर आपटायची. म्हणून तुम्ही आम्हाला सकाळी सहाला रस्त्यावर आणायचात. पांढरे कॅनव्हासचे बूट, त्यांवर फळ्याच्या खडूचा लेप, आणि गळ्यात शिट्टी. शिट्टीला दोरी नव्हती, गिरणीचं सूत होतं, चार पदरी वळलेलं. तुमचा धाकटा भाऊ गिरणीत होता. उरलेल्या सुताची रिळं तो तुम्हाला देत असे आणि शाळेतल्या बऱ्याच गोष्टी त्या सुतानं बांधलेल्या असायच्या. नकाशे, लेझमी, तुटलेला बाक.

शर्यतीचा दोरा ही तुमचीच युक्ती. शाळेच्या दारातून निघायचं, मोठ्या रस्त्यानं करी रोडच्या पुलाच्या तोंडाशी जायचं, तिथून वळून मागच्या गल्लीनं शाळेत परत. वळणावर कुणीतरी उभं राहून प्रत्येक मुलीच्या हातात रंगीत सुताचा एक तुकडा द्यायचं. तो मनगटाला गुंडाळून परत यायचं. दोरा नाही तर नंबर नाही. दर वर्षी रंग वेगळा, आणि तो कोणता हे शर्यतीपर्यंत कुणालाच माहीत नसे. तुमच्याखेरीज. आणि त्या वर्षी माझ्याखेरीज, कारण आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर तुम्ही मला खेळाच्या खोलीत बसवलंत, मोरपंखी सुताचं रीळ आणि कात्री दिलीत, आणि म्हणालात, "यादीत एकतीस मुली आहेत. वीतभर लांबीचे एकतीस तुकडे काप. कुणाला रंग सांगू नकोस." मग तुम्ही बाहेर गेलात. दार लोटून घेतलंत, कडी लावली नाहीत. मी एकतीस कापले. मोजून रबरात घातले. मग रिळाला अजून एक वीत लावली, कापली, आणि कंपासपेटीत ठेवली.

का ठेवली हे मी स्वतःला बरेच दिवस असं सांगत होते की रंग आवडला होता. तसं नव्हतं. माझ्या बाकावर माझ्या शेजारी जी बसायची ती माझ्यापेक्षा वेगानं धावायची. कोळणीची मुलगी. तिची आई मार्केटात मासे विकायची, आणि शाळेआधी ती आईच्या पाट्या पोचवून यायची. अनवाणी धावायची. धावताना तिचं तोंड मिटलेलं असायचं, तुम्ही सांगायचात तसं, आणि कुठलीच घाई दिसायची नाही. सरावात मी एकदाही तिच्या पुढे गेले नव्हते. पण घरी बाबांनी चाळभर सांगून ठेवलं होतं की आमची पोरगी यंदा पहिली येणार आणि शिवाजी पार्कावर आंतरशालेय शर्यतीला जाणार. लांब पल्ल्याला शाळेतून एकच मुलगी जायची. बाबांना ही बातमी कुणी दिली? मीच.

त्या सकाळी आम्ही एकतीस जणी निघालो. तुम्ही दारात उभे राहून डोकी मोजलीत, मला आठवतं, प्रत्येकीच्या डोक्यावर हवेत बोट टेकवत. वळणावर चित्रकलेच्या बाई होत्या. शाळेचा कोपरा ओलांडल्यावर ती पुढे गेली आणि तिच्यामागे मी, आणि माझ्यामागे बऱ्याच अंतरावर बाकीच्या. मोठ्या रस्त्यावर माझ्या मावशीची चाळ होती. तुम्हाला ठाऊक आहे त्या चाळी कशा असतात, पुढचं दार मोठ्या रस्त्यावर, मधे चौक, आणि मागचं दार मागच्या गल्लीत. बाहेरच्या माणसाला ती भिंत वाटते. आम्हाला तो रस्ताच. मी आत वळले. चौकात नळाजवळ एक म्हातारी तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली.

"काय गो, खंय धावतंस?"

"मावशीकडे."

"मावशी वर रवता. तू खाली कित्याक धावतंस?"

मी तिच्यासमोरच खिशातून दोरा काढला आणि मनगटाला गुंडाळला. हाताला घाम होता, गाठ बसेना. शेवटी दातांनी ओढली. मागच्या दारातून बाहेर आले तेव्हा गल्ली रिकामी होती आणि मी पहिली होते. शाळेच्या दारात तुम्ही शिट्टी वाजवलीत. बाकीच्या येऊन बसल्यावर चित्रकलेच्या बाई साडीचा पदर सावरत परत आल्या, तुमच्याजवळ गेल्या, आणि तुमच्या हातात त्यांनी काहीतरी दिलं. तुम्ही ते न बघता खिशात ठेवलंत. मला वाटलं, रबर.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला खेळाच्या खोलीत बोलावलंत. "काही सांगायचंय का?" मी म्हणाले, "नाही, सर." तुम्ही कपाटातल्या लेझमी उगाच मोजल्यात. मग पुन्हा विचारलंत, "बघ. काही असेल तर." मी म्हणाले, "काही नाही." तुम्ही म्हणालात, "बरं. दार ओढून घे." आणखी दोन दिवसांनी फळ्यावर शिवाजी पार्कासाठी नाव लागलं. तिचं.

मी घरी जाऊन रडले. खोटं रडले नाही, सर, हेच सांगायचं आहे. तोपर्यंत माझा विश्वास बसला होता की मी पहिली आले. चार दिवस सगळ्यांनी पहिली म्हटलं की माणूस पहिला होतो. बाबा दुसऱ्या दिवशी पाळीवरून सुटून तसेच शाळेत आले, केसांत कापसाची लव, आणि मला हाताला धरून शिक्षकांच्या खोलीत घेऊन गेले. मुख्याध्यापक होते, चित्रकलेच्या बाई होत्या, आणि तुम्ही कोपऱ्यात उभ्यानं चहा पीत होतात.

"मास्तर, माझ्या मुलीचा पहिला नंबर आलाय की नाही?"

"आलाय."

"मग दुसरीला कसं पाठवता?"

"लांब पल्ल्याला ती बरी आहे. हिला मी शंभर मीटरला घालतो."

"शर्यत कशाला घेतलीत मग? हिच्या हाताला दोरा आहे. बघा. बघा की!" त्यांनी माझं मनगट वर धरलं. दोरा मी सोडला नव्हता, आंघोळीतही. मग बाबांचा आवाज चढला आणि त्यांची भाषा गावची झाली. "ती कोण लागता तुमची? मासळी फुकट येता काय घराक?"

 तुम्ही कप बशीत ठेवलात. माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नाही. एक मुलगी जेवढ्या वेळात तोंड उघडू शकेल, तेवढाच. मी तुमच्या बुटांवरचा खडू बघत राहिले. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, नियम म्हणजे नियम. आणि हे जे काही बोललं जातंय ते शाळेला शोभत नाही." तुम्ही म्हणालात, "चूक माझी. तुमची मुलगी जाईल." आणि बाबांसमोर हात जोडलेत. हात जोडताना तुमच्या बोटाला अडकवलेली शिट्टी मधे आली, ती तुम्ही आधी नीट बाजूला केलीत. घरी येताना बाबांनी मला भजी घेऊन दिली. मी ती खाल्ली.

शिवाजी पार्कावर जायच्या दिवशी तुम्ही मला बुटांचा नवा जोड दिलात. कॅनव्हासचे, पांढरे. मला ते बोटभर मोठे होते. तुम्ही खाली बसून पुढच्या टोकात गिरणीचं सूत कोंबलंत, अंगठ्यानं दाबून पाहिलंत, आणि म्हणालात, "आता बसतील." त्या शर्यतीत माझ्यामागे फक्त दोन मुली होत्या. एक लंगडत होती. शेवटी शेवटी प्रेक्षकांतून कुणीतरी "रिक्षा बोलवा रे" असं ओरडलं आणि लोक हसले. तुम्ही रेषेपाशी लिंबू-मिठाच्या पाण्याचा तांब्या घेऊन उभे होतात. मी पाणी प्यायले. तुम्ही म्हणालात, "आज पूर्ण पळालीस." इतकंच. मी ते सांत्वन म्हणून घेतलं. इतकी वर्षं मी ते तुमचं एक चांगलं वाक्य म्हणून जपलं, वर्गात मुलांना सांगितलं. माझे एक सर होते, मी हरले तेव्हा ते म्हणाले, आज पूर्ण पळालीस. मुलं वहीत लिहून घ्यायची. त्याच मुलांचे उतरवलेले निबंध मी पकडते. एकमेकांशेजारी ठेवून, लाल पेनानं रेघा ओढून. "प्रामाणिक नापास चालेल," असं म्हणते. हेही ती लिहून घेत असतील.

आता या डिसेंबरातलं. रविवार सोडून आमचा मार्ग पूर्वेकडून जातो, रे रोडवरून, कारण तिथं लाकडाच्या वखारी पहाटे बंद असतात आणि गाड्या नसतात. भिजलेल्या लाकडाचा वास येतो. तिथं पुलाखाली चार-पाच कोळणी रिकाम्या पाट्या घेऊन धक्क्याकडे जाणाऱ्या टेम्पोची वाट बघत उभ्या असतात. एका सकाळी मी गटाच्या मागे पडले होते. त्यांच्यासमोरून जाताना एकीनं विचारलं, "काय गो बाय, कुत्रा लागलाय का पाठी?" बाकीच्या हसल्या. मीही हसले आणि पुढे गेले. मागून आवाज आला, "थांब, थांब! तू ती नाय का, दोन वेण्यांची? आमच्या शाळेतली पयली?"

मी थांबले. ती तशीच उभी होती, जरा जाड झालेली, डोक्याला लोकरीचा स्कार्फ. पाय अनवाणी नव्हते, रबरी चपला होत्या.

"अजून धावतंस?"

"आत्ता सुरू केलं."

"आत्ता? पन्नाशीला? नवरा बरा हाय ना घरी?"

"बरा आहे. बेचाळीस किलोमीटर आहे, जानेवारीत."

"बेचाळीस! टॅक्सी नाय मिळत?" मग ती शेजारणीकडे वळली. "ही आमच्या शाळेची पयली. मी दुसरी. मला कधी पुढं जाऊ नाय दिलं हिनं."

तिच्या आवाजात काही नव्हतं. मी पुन्हापुन्हा आठवून पाहिलं, काही नव्हतं. टेम्पो आला, त्या चढल्या, आणि तिनं वरून हात केला. त्यानंतर आठवड्यातून दोन-तीनदा ती दिसायची. "आज किती?" "सोळा." "जा, जा, पयली ये." दर वेळी हेच. मी दुसरा रस्ता धरू शकले असते. दोन दिवस धरलाही.

मग सगळ्यात लांब पल्ल्याचा रविवार आला. बत्तीस किलोमीटर. लालबागहून गिरगाव चौपाटी, समुद्राच्या कडेनं टोकापर्यंत, परत, आणि मग सरळ उत्तरेला शीवपर्यंत जाऊन दादरला संपवायचं. इतक्या वेळानंतर डोकं काहीतरी मोजू लागतं. दिव्याचे खांब, पावलं, श्वास. शीवला किल्ल्याच्या टेकडीखालच्या रस्त्यावर मी पावलं मोजत होते आणि एकतीसवर आले की पुन्हा एकपासून सुरू करत होते. का, ते कळेना. मग कळलं. मी एकतीस दोरे कापून रबरात घातले होते. तेच बाईंकडे गेले. शर्यतीला एकतीस मुली होत्या. सगळ्या परत आल्या, सगळ्यांच्या हाताला दोरा होता. पण माझा दोरा बाईंकडचा नव्हता. म्हणजे बाईंच्या हातात एक उरला. तोच त्यांनी तुम्हाला दिला आणि तुम्ही न बघता खिशात ठेवलात. न बघता कशाला? तुम्हाला बघायची गरज नव्हती.

छत्तीस वर्षं, सर. पहिलीतल्या मुलाला जमेल अशी वजाबाकी, आणि ती मी केली नाही, कारण तुम्ही फसलात हे मी धरूनच चालले होते. मी चुकवलेलं अंतर मला कधी फारसं टोचलं नाही, पोरवय म्हणून मी ते कधीच माफ करून टाकलं होतं. पण तुम्हाला ठाऊक होतं. काही सांगायचंय का, हे तुम्ही दोनदा विचारलंत तेव्हा दोरा तुमच्या खिशात होता. बाबा मासळीबद्दल बोलले तेव्हाही. एक वाक्य बोलला असतात तर बाबा जागच्या जागी खाली बसले असते. तुम्ही हात जोडलेत. मी रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. गटातला एक मुलगा पुढे गेला होता, तो मागे आला, "मॅडम, क्रॅम्प?" मी हो म्हणाले. तो पाण्याची बाटली ठेवून गेला.

पुढच्या मंगळवारी दुपारी, गर्दी ओसरल्यावर, मी मार्केटात तिच्या ओट्यासमोर उभी राहिले.

"आलीस? काय देऊ? बांगडे बघ, डोळे बघ त्यांचे."

"मला तुला काहीतरी सांगायचंय."

"सांग. आधी काय घेतंस ते सांग."

"बांगडे दे. ती शर्यत मी पूर्ण धावले नव्हते. मधेच चाळीतून गेले, मावशीच्या. दोरा आधीच काढून ठेवलेला."

तिनं बांगड्याचे पर कापले, एकाचे, मग दुसऱ्याचे. "डोकी ठेवू की काढू?"

"ऐकलंस का?"

"ऐकलं. म्हाईत हाय मला."

"कसं?"

"कसं काय? मी वळणावर गेले तवा बाईंच्या हातात अख्खी गड्डी. बाई बोलल्या, शाबास, पयली. मी परत आले तर तू बसलेलीस, दोरा बांधून." ती हसली. "मला वाटलं, ही उडून गेली की काय."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले ना. सरांना बोलले. सर बोलले, थांब, ती सांगेल. तिचं तिला सांगू दे. मी थांबले." तिनं हात पाण्यात बुडवून काढला. "मग तुझा बापूस आला."

शेजारच्या ओट्यावरच्या बाईनं बर्फ फोडायला घेतला. मी म्हणाले, तुझं नुकसान झालं. ती म्हणाली, "काय नुकसान? धावून काय, मासेच विकले असते. लगीन ठरलं त्याच वर्षी." मग बांगडे पिशवीत घालता घालता तिनं विचारलं, "बूट चावले नाय ना तुला?"

"कुठले बूट?"

"पार्काचे. सरांनी माझ्या मापाचे आणलेले. वहीच्या कागदावर पाय ठेवून पेन्सिल फिरवली होती. तुझे पाय बारके. मला वाटायचं, मोठे झाले असतील, चावले असतील."

मी म्हणाले, "नाही चावले. पुढे सूत घातलं होतं."

"हां," ती म्हणाली. "सर नीट करून द्यायचे."

मी पिशवी घेतली आणि तिथंच उभी राहिले. ती म्हणाली, "आता सांगितलंस ना? पण मला कशाला? मी कवाच सोडून दिलं. सरांना सांगायचं."

"सर गेले."

"म्हाईत हाय. मी गेलेले. तू नव्हतीस."

नव्हते. तुम्ही गेलात ते मला त्याच दिवशी कळलं होतं. करी रोडला तुमच्या गल्लीच्या तोंडाशी फळ्यावर लिहिलं होतं, खडूनं, चांगल्या अक्षरात. मी तो पूर्ण वाचला आणि कॉलेजला गेले. आदल्या वर्षी तुम्ही मला दादरला फुलबाजारापाशी दिसला होतात, हातात शेवंतीची पुडी. तुम्ही रस्ता ओलांडायला थांबला होतात आणि माझ्याकडेच बघत होतात, निदान मला तसं वाटलं. मी पर्समधून फोन काढून कानाला लावला. फोन आला नव्हता. तुम्ही रस्ता ओलांडलात. सावकाश, एका पायावर जपून. तेव्हाही तुम्ही थांबलेले होतात का, हे आता मला विचारता येत नाही.

तिनं सांगितलं म्हणून हे लिहिते आहे, परीक्षेच्या उरलेल्या पुरवण्यांवर, मागच्या कोऱ्या बाजूला. काल सकाळी गट पूर्वेला गेला तेव्हा मी गेले नाही. जिथं शाळेचं दार होतं तिथून एकटी निघाले आणि शर्यतीचा रस्ता पूर्ण धावले. मोठ्या रस्त्यानं, पुलाच्या तोंडाशी वळून, मागच्या गल्लीनं परत. मावशीची चाळ पाडली आहे, तिथं पत्रे लावले आहेत, आता आरपार जायला वाट नाही. घड्याळावर बघून मोजलं. चाळीतून गेल्यानं वाचलेलं अंतर सहाशे चाळीस मीटर होतं. या वयातही ते साडेचार मिनिटांत संपतं. वळणाशी कुणी नव्हतं. एक इस्त्रीवाला कोळसे पेटवत होता, त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी तिथं क्षणभर हात पुढे करून उभी राहिले आणि मग लाज वाटून निघाले.

घरी येऊन मी गटाला लिहिलं. त्या रविवारी मी बत्तीस कळवले होते. शीवच्या पायरीवरून उठून टॅक्सीनं घरी गेले आणि तेवढं सगळं कळून चुकल्यावरही, आंघोळीच्या आधी, बत्तीस लिहिले. सोळा अंगठे आले होते. काल लिहिलं की ते बत्तीस नव्हते, एकोणतीस होते, मी मधेच थांबले होते, चुकीचं कळवलं, माफ करा. कुणाला काही वाटलं नाही. एकानं लिहिलं, "चलता है मॅडम." एकानं पुन्हा अंगठा पाठवला.

सर, हे पत्र मी कुठं टाकणार नाही. पुरवण्या बांगड्यांच्या पिशवीसारख्या दुमडून कपाटात जातील. रविवारी शर्यत आहे. तिनं रे रोडवर विचारलं की कुठं उभी राहू, मी सांगितलं, शेवटी नको, मधे कुठंतरी उभी राहा, जिथून मला वळता येईल अशा जागी. ती म्हणाली, "म्हणजे पळून गेलीस तर पकडू?" मी हो म्हणाले.

एकोणतीसही नव्हते, सर. अठ्ठावीस होते, आणि वर थोडं.